उरलेल्या 86 मिलीग्रॅमचं काय?

प्रश्न: गुजरीत आमचं सोन्याचं लहान दुकान आहे. परवा चाळा म्हणून पॅरासिटामॉलची 500 ची गोळी काट्यावर टाकली, तर 586 मिलीग्रॅम भरली. पाकिटावर बारीक अक्षरात ‘एक्सिपियंट्स क्यू.एस.’ एवढंच. वरच्या 86 मध्ये काय घातलंय? खडू का?
– एक सराफ, कोल्हापूर

उत्तर: शेठ, औषध कारखान्याच्या लॅबमध्ये 31 वर्षं काढली, पण गोळी सोन्याच्या काट्यावर चढलेली पहिल्यांदाच ऐकली.

तुम्हीच सांगा, चोख सोन्याचं गंठण टिकतं का? बावीस कॅरेटमध्ये सोनं 91.6 टक्के, बाकी तांबं-चांदी. त्याशिवाय दागिना उभा राहत नाही. पॅरासिटामॉलची नुसती पावडर दाबली तर गोळीची टोपी उडते. म्हणून बांधायला पोव्हिडोन, पोटात फुगून गोळी फोडायला स्टार्च, साच्याला चिकटू नये म्हणून चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट. औषधाला जोडीला घातलेले हे घटक म्हणजे ‘एक्सिपियंट्स’, आणि ‘क्यू.एस.’ म्हणजे लॅटिनमधलं ‘पुरेल तेवढं’. आपल्या आयांचं ‘मीठ चवीपुरतं’ असतं, तसंच.

त्या चिमूटभर स्टिअरेटचा मला एकदा चांगलाच हिसका बसलाय. बिनकोटिंगच्या गोळीनं 37 अंशाच्या पाण्यात 15 मिनिटांत फुटलं पाहिजे. आमचा एक लॉट अर्धा तास झाला तरी तळाला खड्यासारखा बसून. औषध बरोबर, वजन बरोबर, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. शेवटी कळलं, मिक्सरवरचं पोरगं जेवायला गेलं आणि पाच मिनिटं फिरवायचं स्टिअरेट जेवण होईस्तोवर फिरत राहिलं. ते मेणचट असतं. कणाकणावर त्याचा थर बसला आणि पाणी आत शिरेना. सगळा लॉट मोडीत. पुस्तकं याला ‘निष्क्रिय घटक’ म्हणतात, म्हणोत बापडी.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. केडीएम आठवतंय ना? डाग लावायला, म्हणजे सांधे जोडायला कॅडमियम. गिऱ्हाइकाला दागिना झकास दिसायचा, पण धुरानं कारागिराची फुप्फुसं जायची. आमच्यातलं कॅडमियम म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल. ग्लिसरीनसारखंच दाट, बिनरंगी आणि चवीला गोडही, त्यामुळं डोळ्याला कळत नाही न् जिभेलाही. मूत्रपिंडं मात्र बंद पाडतं. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध पिऊन शंभरावर माणसं गेली. सल्फानिलामाइड अस्सल होतं, ते विरघळवलं होतं या विषात. आपल्याकडं 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग त्यावरच नेमलेला.

म्हणून ‘आयपी’ ही दोन अक्षरं बघायची. इंडियन फार्माकोपिया हे औषधांच्या दर्जाचं पुस्तक, म्हणजे औषधांचं हॉलमार्क समजा. पहिली आवृत्ती 1955 ची. आता गाझियाबादचा फार्माकोपिया आयोग काढतो. त्यात स्टार्च, लॅक्टोज (दुधातली साखर), ग्लिसरीन यांनाही औषधासारखंच स्वतंत्र पान आहे. स्टार्चमध्ये ई. कोलाय जंतू चालत नाही. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल 0.1 टक्क्याच्या वर चालत नाही. पण पिंपावरचं लेबल म्हणजे तपासणी नव्हे. तुम्ही मोडीचं सोनं पावती बघून घेता, की कसोटीला लावून? तसं पिंप उघडून नमुना लॅबमध्ये गेलाच पाहिजे. कंटाळा होतो तो तिथंच.

आणि नाही, खडू नाही. कॅल्शियमच्या गोळीत मात्र असतो, आणि तिथं तो औषध म्हणूनच असतो!

प्रश्न: माझ्या सासूबाईंना दूध पचत नाही. त्यांच्या बीपीच्या गोळीत लॅक्टोज आहे. गोळी बंद करू का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: ताई, बीपीची गोळी मनानं अजिबात बंद करू नका. गंगावेशीत उभं राहून पेलाभर धारोष्ण दूध प्यायलं तर दहा ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज पोटात जातं. गोळीत असतं ते बहुधा शे-दोनशे मिलीग्रॅम. एवढ्यानं सहसा पोट फुगत नाही. दिवसाला आठ-दहा गोळ्या चालू असतील आणि त्रास होत असेल, तर सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. बिनलॅक्टोजचा पर्याय असला तर ते बदलून देतील.