परमिटवर डिसेंबर लिहिलाय, पण मुदत जुलैतच संपली

घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून अंगणवाडी सेविका असलेल्या ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मोठा मुलगा नर्सिंग शिकून संक्रांतीनंतर जर्मनीला गेला आणि श्टुटगार्टच्या बाहेर एका हॉस्पिटलात लागला. सगळं कापून त्याच्या हातात २,३०० युरो पडतात, त्यातले महिन्याला ५० हजार रुपये तो घरी पाठवतो. शिक्षण, जर्मनचा क्लास आणि जाण्याचा खर्च यासाठी काढलेल्या कर्जापैकी ८ लाख बाकी आहेत, व्याज ११ टक्के, सहकर्जदार ताई स्वतः. घरची सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. यवतमाळच्या ओळखीतल्या एका एजंटाने मुलाच्या नावाने ‘गॅरंटीड’ पॉलिसी काढून दिली. वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे, विसावं वर्ष संपलं की २० लाख. कागद तान्ह्या पोळ्याला घरी आले. ताई विचारतात, पुढचे हप्ते भरत राहावे की ते पैसे एफडीत टाकावे?

पत्राच्या शेवटी, सहज सांगितल्यासारखं, हेही आहे: “त्याने मे महिन्यात जुनी गाडी घेतली. सकाळची ड्युटी सहाची असते न् राहतो त्या गावातून तेवढ्या सकाळी बस नाही. तिकडचं लायसन्स काढायला दीड लाख लागतात म्हणे. इकडून नेलेलं इंटरनॅशनल परमिट डिसेंबरपर्यंत आहे, तोवर चालते. लायसन्सचे पैसे वाचले त्यातूनच पॉलिसीचा पहिला हप्ता भरला. आमच्याकडे पेरण्या चालू होत्या तेव्हा त्याला एकदा पोलिसांनी थांबवलं होतं, परमिट पाहून सोडून दिलं.”

ताई, पॉलिसीकडे येतो. त्याआधी आज रात्री मुलाला फोन लावा आणि गाडी उभी करायला सांगा. उद्याच्या सकाळच्या ड्युटीलाही ती काढायची नाही.

युरोपबाहेरच्या देशाचं लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं. फिरायला आलेल्या माणसाचा नियम वेगळा, तिथे राहणाऱ्याचा वेगळा. तुमचा मुलगा जानेवारीत गेला, तिथे घर घेतलं, नोकरीला लागला, म्हणजे तो तिथला रहिवासी झाला. जानेवारीपासून सहा महिने जुलैत भरले. आता सप्टेंबर उजाडला. जवळपास दोन महिने तो तिथल्या कायद्याच्या हिशेबाने लायसन्स नसताना गाडी चालवतोय, आणि हे ना त्याला माहीत, ना तुम्हाला.

परमिटवरची डिसेंबरची तारीख खरी आहे. आपल्या आरटीओतून ते वर्षभराचं मिळतं, म्हणून घोटाळा होतो. पण त्या परमिटला स्वतःचा अधिकार नाही. मूळ लायसन्सवर काय लिहिलंय ते परदेशातल्या पोलिसाला वाचता यावं, एवढंच त्याचं काम. सातबाऱ्याची इंग्रजी नक्कल करून घेतली म्हणून वावर कोणाच्या नावावर चढत नाही. मूळ लायसन्सची तिथली मुदत संपली, की परमिटवर कोणतीही तारीख असो, ते निरुपयोगी. शिवाय प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा. इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्याला आपलं लायसन्स वर्षभर चालतं. दुबईत व्हिजिट व्हिसावर असेपर्यंत परमिटसह चालतं, रहिवासी व्हिसा लागला की तिथलंच काढावं लागतं. त्यामुळे ‘आमच्या भाच्याला तर वर्षभर चाललं’ असं कोणी सांगितलं, तर भाचा कोणत्या देशात होता ते आधी विचारा.

आणि पोलिसांनी सोडलं म्हणता, तर पेरण्या म्हणजे जून. तेव्हा त्याचा पाचवा महिना चालू होता. नियमात होता म्हणून सोडला. आज तोच पोलीस तेच परमिट हातात घेईल आणि सोडणार नाही.

आता पैशाचं बोलू. युरो शंभर रुपयांचा धरतो, गणित सोपं पडतं. लायसन्स नसताना गाडी चालवणं हा जर्मनीत साध्या चलनाचा मामला नसून फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. दंड दिवसांवर मोजतात आणि एका दिवसाचा आकडा माणसाच्या कमाईवरून ठरतो. तीस दिवसांचा दंड झाला तर एका महिन्याचा अख्खा पगार गेला, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. आपली गाडी लायसन्स नसलेल्या माणसाला चालवायला देणाराही तिथे दोषी धरला जातो. म्हणून सोबत राहणाऱ्या मित्राला किल्ली देऊन प्रश्न सुटत नाही, जोवर त्या मित्राकडे तिथलं चालणारं लायसन्स नाही. आणि गुन्ह्याची नोंद नुसती दंडाने मिटत नाही. तिथे कायमचं राहण्याचा परवाना किंवा पुढे नागरिकत्व मागायला गेल्यावर ती नोंद समोर येते. तुमच्या घराची सगळी आर्थिक घडी त्या मुलाच्या तिथल्या राहण्यावर उभी आहे, हे विसरू नका.

विम्याचा धोका याहून मोठा, कारण तो अपघात होईपर्यंत दिसत नाही. जर्मनीत थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रजिस्टरच होत नाही, म्हणजे विमा त्याच्याकडे असणारच. हप्ताही वेळेवर जात असेल. पण चालवणाऱ्याकडे चालणारं लायसन्स हवं ही त्या विम्यातली अट आहे. उद्या कोणाला धक्का लागला तर कंपनी जखमी माणसाला भरपाई देईल, कारण त्याचा काही दोष नाही. मग तीच कंपनी तुमच्या मुलाकडे वळेल आणि त्याच्याकडून ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकेल. ५ लाख रुपये. त्याने गाडीच्या नुकसानीचा वेगळा विमा घेतला असेल तर त्यातून हात आखडता घेतला जाईल किंवा काहीच मिळणार नाही. चूक त्याची असेल तर त्याच्या स्वतःच्या दुखापतीला थर्ड पार्टी विमा तसाही एक पैसा देत नाही.

हे परदेशातलंच आहे असं समजू नका. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग यांच्या खटल्यात विमा कंपन्यांची हीच वाट सांगितली: लायसन्सची अट मोडली असली तरी आधी जखमीला द्या, मग गाडीच्या मालकाकडून वसूल करा. ट्रॅक्टर, मोटारसायकल, काळीपिवळी, सगळ्यांना ते लागू आहे.

तर वाचवले किती? दीड लाख. डोक्यावर घेतले किती? दंडाचे सव्वादोन, वसुलीचे पाच, आणि नोकरी-परवान्याची टांगती तलवार, जिचा आकडा मी मांडूच शकत नाही. ही बचत नव्हे, ताई.

एजंटाने पॉलिसीसोबत अपघाताचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, दिलाय, ‘परदेशात गाडी चालवतो म्हणून’, असंही तुम्ही लिहिलंय. त्या रायडरच्या अटींचं पान उघडा. कायद्याचा भंग करताना झालेला अपघात त्यात सहसा वगळलेला असतो. ज्या कारणासाठी विकला, नेमक्या त्याच कारणासाठी तो आज बहुधा उपयोगाचा नाही. हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने विकू नये, आणि माहीत असून विकला असेल तर त्याच्याशी पुढे व्यवहार करू नका.

लायसन्सचं काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. सहा महिने उलटले तरी भारतीय लायसन्सच्या आधारावर तिथलं काढण्याचा मार्ग बंद होत नाही, फक्त तोवर गाडी चालवता येत नाही. भारतातलं लायसन्स मात्र चालू मुदतीचं असावं, त्याची तारीख आजच पाहायला सांगा. काही देशांची लायसन्सं जर्मनी परीक्षेविना बदलून देतं, भारत त्या यादीत नाही. त्यामुळे लेखी आणि गाडीवरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, ३० प्रश्न असतात. नवख्याला ड्रायव्हिंग स्कूलचे जे सक्तीचे तास करावे लागतात ते याला माफ आहेत, पण परीक्षेला गाडी आणि शिक्षक स्कूलचेच लागतात. सोबत डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स. तो स्वतः नर्स आहे, तेव्हा त्याचं शिक्षण या कोर्सऐवजी चालेल का हे त्याने लायसन्स कार्यालयात विचारावं. तिथलं लायसन्स देताना आपलं मूळ लायसन्स जमा करून घेतात, त्याची रंगीत प्रत काढून ठेवायला सांगा.

सक्ती नाही म्हणून एकही तास न घेता परीक्षेला बसू नये. तासाला साठ-ऐंशी युरो लागतात, दहा-बारा तास धरा. घाटंजी-पांढरकवडा रस्त्यावर तयार झालेला हात आहे त्याचा, डावीकडून चालवण्याचा. तिकडे सगळं उजवीकडून, आणि पाटी नसलेल्या चौकात उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तीन-चार महिने गाडी चालवली म्हणजे हे अंगात मुरलं असं होत नाही, आणि नापास झाला की फी पुन्हा भरायची. सगळा खर्च दीड लाखाच्या आसपास जाईल, त्याचा अंदाज बरोबर होता. तोवर सकाळच्या ड्युटीसाठी वॉर्डात बोलून दुपारची किंवा रात्रीची पाळी मागावी, नाहीतर त्याच बाजूने येणाऱ्या सहकाऱ्यासोबत पेट्रोलचे पैसे वाटून जावं. महिनाभराचा सरकारी प्रवास पास साठेक युरोत मिळतो. गाडी लायसन्स मिळेपर्यंत वापरायचीच नसेल तर रजिस्ट्रेशन तात्पुरतं काढून टाकता येतं, विमा आणि कर दोन्ही थांबतात.

हे पैसे कुठून आणायचे? पॉलिसीतून.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता दोन ओळींत देता येईल. १० लाख भरून २० लाख मिळतात, पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून राहतो. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. तुम्ही कर्जावर ११ टक्के भरताय, ८ लाखांवर वर्षाचे ८८ हजार. अकराने उसने घेऊन साडेचाराने गुंतवायचे, याला गॅरंटी आहे ती तोट्याची. ‘वीस लाखांत यवतमाळला घर होईल’ असं तुम्हाला सांगितलं गेलं. महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे २० लाख म्हणजे आजचे सहा-सव्वासहा लाख. त्यात घर सोडा, घराचा स्लॅब पडेल का ते विचारा. एफडी बरी, पण कर्ज डोक्यावर असताना तीही नको.

पॉलिसी परत करण्याची मुदत कागद हातात पडल्यापासून ३० दिवस असते. तान्ह्या पोळ्यापासून मोजा, दिवस हातात आहेत पण फार नाहीत. अर्ज मुलाने स्वतःच्या ईमेलवरून थेट कंपनीला करावा, एजंटाला मध्ये घेऊ नये. स्टँप ड्युटी, तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची छोटी रक्कम कापून बाकी सगळं परत मिळतं. एजंट घरी येईल, गळ घालेल, ‘तीन वर्षं भरा, मग पाहू’ म्हणेल. ऐकू नका, तीन वर्षांनी सोडली तर भरलेल्यातला मोठा भाग बुडतो.

परत करण्याचं आणखी एक कारण तुमच्या पत्रात आहे. पोषण आहाराच्या नोंदी करत असताना फोन आला, ओटीपी विचारला, तुम्ही सांगितला, आणि पॉलिसी झाली. अर्जाची प्रत पाहा, मुलाचं राहणं भारतातलंच दाखवलेलं आहे. परदेशात राहणाऱ्याची माहिती वेगळी भरायची असते. चुकीच्या माहितीवर निघालेल्या पॉलिसीचा दावा पहिल्या तीन वर्षांत कंपनी उकरून काढू शकते. ओटीपी म्हणजे सही आहे, ताई. यापुढे कोणालाही फोनवर सांगू नका.

मुलाला विमा हवाच, पण साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा. त्याच्या वयाला एक कोटीचा हप्ता वर्षाला दहा-पंधरा हजारांत बसतो. अर्जात जर्मनीचा पत्ता आणि नोकरी खरीखुरी लिहावी. त्याचं घाटंजीतलं बचत खातंही एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं, करून घ्यावं लागेल. परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही.

त्याची मोटारसायकल धाकटा चालवतो म्हणता. विम्यातलं १५ लाखांचं अपघाती संरक्षण मालक-चालकाचं असतं, आणि मालक जर्मनीत आहे. धाकट्याला त्यातलं काही मिळणार नाही. गाडी त्याच्या नावावर करून घ्या. त्याच्याकडे लायसन्स आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर यवतमाळच्या आरटीओची तारीख घ्या आणि तोवर गाडी घरीच राहू द्या.

पॉलिसीचा लाख परत आला की तो लायसन्सकडे, वरचे पन्नास हजार मुलाच्या पगारातून. पुढल्या महिन्यापासून येणाऱ्या ५० हजारांतले ४० हजार कर्जात, दहा घरात. आठ लाख या गतीने दोन वर्षांच्या आत फिटतात. शैक्षणिक कर्ज आधी फेडल्याचा दंड सहसा लागत नाही, तरी बँकेकडून तसं लिहून घ्या, आणि जास्तीची रक्कम मुद्दलात जमा झाली की नाही ते दर तीन महिन्यांनी खात्याचा उतारा मागून पाहा.