काकूंना विचारा : ३१ ऑक्टोबर, कॅरमेलचे सफरचंद आणि घरी ओव्हन नाही

कोजागिरी व्हायच्या आतच या वेळी पत्रांचा ढीग पडला आणि निम्म्याहून जास्त पत्रे एकाच विषयाची निघाली. तालुक्याच्या गावांमधल्या कॉन्व्हेंटांनी हॅलोविन साजरे करायचे ठरवलेले दिसते. त्याचे निरोप डायरीतून घरोघरी गेले आणि तिथून पत्रे माझ्याकडे आली. म्हणून हा अंक त्यालाच दिला. लोणच्याच्या बुरशीबद्दल विचारणाऱ्या भगिनींनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. बरणी तेवढी उन्हात ठेवा.

काकू, नमस्कार. माझा मुलगा यूकेजीत आहे. ३१ ऑक्टोबरला शाळेत हॅलोविन डे आहे आणि माझ्या वाट्याला ‘नो-बेक कॅरमेल ऍपल ट्रीट’ आली आहे, पंचवीस मुलांपुरती. व्हॅन सकाळी साडेसातला येते, डबे दुपारी बारानंतर उघडतात. घरी गॅस आहे, चूल आहे, ओव्हन नाही. मोबाइलवर बघितले तर सगळे अख्खे सफरचंद काडीला लावून पाकात बुडवतात. मला जमेल का?
— एक आई, आर्वी तालुका

पोरी, ओव्हन नकोच आहे असे शाळेनेच लिहून पाठवले, मग घाबरतेस कशाला? आपला दिवाळीचा फराळ तरी कोणता ओव्हनमध्ये होतो?

अख्ख्या सफरचंदाचा नाद मात्र सोड. पाच वर्षांच्या पोराचा जबडा तेवढा उघडत नाही. वरचे कॅरमेल चाटून होते आणि खालचे फळ मातीत जाते. शिवाय ते पाच तास डब्यात ठेवणे बरे नाही. ते का, हे पुढे मोर्शीच्या पत्रात सांगितले आहे. तू त्याचे लाडू कर. चव तीच येते आणि डब्यात रस सुटत नाही.

अर्धा किलो सफरचंदे साल काढून जाड किसून घे. चमचाभर तुपावर कीस परतायला टाक, गाजर हलव्याला टाकतो तसा. आधी खूप पाणी सुटेल. ते पूर्ण आटून कीस कढईच्या मधोमध गोळा होऊ लागला की चिमूटभर दालचिनीची पूड टाकून उतरव. इथे घाई केलीस तर लाडू सकाळपर्यंत बसतील, म्हणजे खाली बसतील.

आता कॅरमेल. जाड बुडाची कढई घे, जर्मनचा पातळ गंज नको. त्यात साखर एका जागी लागते आणि दुसऱ्या जागी कच्ची राहते. एक मोठी वाटी, म्हणजे २०० ग्रॅम साखर कोरडीच टाक, पाणी नको. आच मंद. चुलीवर करायचे असेल तर लाकडे मागे ओढून नुसत्या निखाऱ्यावर. पहिली दोन-चार मिनिटे काहीच होत नाही आणि बाया तिथेच कंटाळून आच वाढवतात. वाढवू नको. आधी कडेची साखर ओली दिसू लागते, मग कडेने पिवळी रेघ येते. तेव्हा कढई नुसती हातात धरून फिरव. सराटा घालून ढवळत बसलीस की खडे बनतात. मधली साखर वितळेपर्यंत कडेचा रंग चढत जातो. सगळे मिळून कोऱ्या चहाचा रंग आला की थांबायचे. तिथून पुढे काळे पडायला फार वेळ लागत नाही आणि एकदा कडू झाले की वरून कितीही साय ओता, कडूच.

रंग आला की दोन मोठे चमचे लोणी आणि अर्धी वाटी साय. साय कोमट हवी, फ्रिजातली गार नको. गार साय पडली की पाक उसळतो आणि खाली दगडासारखा बसतो. लोणी घरचे असेल तर ताक पूर्ण धुऊन काढ. आंबट लोण्याने साय फाटते. चिमूटभर मीठ टाक. मिठाशिवाय कॅरमेल नुसते गोडमिट्ट लागते.

मग परत मंद आचेवर. वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकून बघ. बोटांनी गोळी वळली आणि पाण्याबाहेर काढल्यावर ती हळूच चपटी झाली, की उतरव. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी ११५ अंशांवर थांबावे. तीळगुळाचा पाक ज्या बाईला कळतो तिला थर्मामीटर लागत नाही.

उतरवल्यावर त्यात सफरचंदाचा कीस, मारी बिस्किटांचा जाडसर चुरा ३०० ग्रॅम आणि वाटीभर भाजलेल्या फल्लीदाण्यांचा कूट मिसळ. कूट टाकायच्या आधी बाईंना विचारून घे. एखाद्या लेकराला शेंगदाणा चालत नसेल तर त्याऐवजी ज्वारीच्या लाह्या चुरून टाक. मला तर लाह्यांचेच जास्त आवडतात. कोमट असताना हाताला तूप लावून लिंबाएवढे लाडू वळ, तीसेक होतील. वरून बोटाने खळगा पाड आणि कढीपत्त्याचा देठ खोच. झाले सफरचंद. लवंग खोचू नको, पोट्टे चावतात आणि मग रडतात. भुताचे तोंड हवे असेल तर खोबऱ्याच्या किसात घोळून काळ्या तिळाचे दोन डोळे लाव.

आदल्या संध्याकाळी करून ठेव. फ्रिजात ठेवलेस तर सकाळी लवकर काढून झाकण उघडे ठेव, नाहीतर घाम सुटून सगळे एकमेकांना चिकटतात. कागदी वाट्या तालुक्यावरून आणत बसू नको. पळसाच्या पानांचे लहान द्रोण घे, केशरी-काळ्या गर्दीत तेच उठून दिसतील.

आणि कढईजवळ लेकराला फिरकू देऊ नको. उकळत्या पाण्याचा थेंब ओघळून जातो, पाकाचा थेंब कातडीला चिकटून भाजतच राहतो. पडलाच तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धर. तूप, टूथपेस्ट, शाई काहीही लावायचे नाही. फोड मोठा आला तर दवाखाना.

भुताखेतांचा हा परका सण लेकरांच्या डोक्यावर कशाला? आणि तुम्हीही पाककृती देऊन त्याला खतपाणी घालता.
— एक आजोबा, मूल तालुका

काकाजी, रागावू नका. आयर्लंड-स्कॉटलंडकडे पीक घरात आले आणि हिवाळा तोंडावर आला की साउइन नावाचा सण असे, त्या रात्री मेलेले परत फिरतात ही समजूत. पुढे १ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक सगळ्या संतांचा दिवस पाळू लागले आणि त्याची आदली रात्र म्हणजे हे हॅलोविन. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे पोटासाठी अमेरिकेत गेली, सोबत हेही गेले. गावाकडे ती सलगम कोरून दिवे करत, तिकडे भोपळे मुबलक म्हणून भोपळे कोरू लागली. सफरचंदाचा हंगामही तिकडे तेव्हाच असतो, म्हणून खाऊत सफरचंद.

आपणही पितरांसाठी कावळ्याला घास ठेवतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत केवढी मोठी पुतळी मिरवतात. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार येतात आणि आपण त्यांच्या हातावर बोजारा ठेवतो. तिकडचे पोट्टे भूत होऊन येतात, एवढाच फरक.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. ऑक्टोबरच्या शेवटी सोयाबीन विकून हातात आलेले पैसे आधीच वाटलेले असतात, कापसाच्या वेचणीची मजुरी द्यायची असते, दिवाळी पुढे उभी किंवा नुकती झालेली. अशा वेळी शाळेने एका दिवसाचा काळा झगा विकत आणायला लावणे मला पटत नाही. आईची जुनी काळी ओढणी पुरे, असे पालकांनी सभेत स्पष्ट म्हणावे. लाडवांना तेवढे नाव ठेवू नका, एक खाऊन बघा.

आमच्या बचत गटाला शाळेच्या मेळ्यात स्टॉल मिळाला आहे. काडीवरची अख्खी सफरचंदे विकावी म्हणतो. आदल्या दिवशी करून ठेवली तर चालतील का? काड्यांसाठी पऱ्हाट्या किंवा तुराट्या तासून घ्याव्या काय? आणि आमचे कॅरमेल सफरचंदावरून घसरून खाली जमते, ते का?
— बचत गटाच्या बाया, मोर्शी तालुका

बायांनो, पऱ्हाटी तोंडात जाणाऱ्या वस्तूत अजिबात नको. हंगामभर कपाशीवर काय काय फवारले आहे ते तुम्हालाच माहीत. तुराटीवरही फवारे होतात, आणि तिची कूस निघते ती वेगळीच. बुरडाकडून बांबूच्या जाड कामट्या गुळगुळीत करून घ्या, उकळून कडक उन्हात वाळवा. नाहीतर कुल्फीच्या काड्या.

घसरण्याचे कारण बहुतेक मेण. बाजारातल्या सफरचंदावर चमक यावी म्हणून मेणाचा थर दिलेला असतो. नखाने हलके खरवडून बघा, नखाखाली पांढरट चिकट काहीतरी येते. त्यावर पाक धरत नाही. फळे गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, लगेच काढून खरबरीत फडक्याने चोळा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. देठाच्या खळग्यात पाणी राहते, तिथे फडक्याचे टोक घालून पुसा. फळे लहान आणि कडक निवडा. वर दिलेला पाक थोडा पुढे न्या, ११८ अंशांपर्यंत, म्हणजे पाण्यातली गोळी बाहेर काढल्यावरही गोल राहते. मग उतरवून दोन मिनिटे थांबा आणि नंतर बुडवा. फार गरम, पातळ पाक असेल तर तो वाहतोच.

आदल्या दिवशीचे विकू नका. २०१४ च्या शेवटी अमेरिकेत कारखान्यात भरलेल्या कॅरमेल सफरचंदांतून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला, ३५ जण आजारी पडले, काही दगावले. एरवी सफरचंद आंबट आणि कॅरमेल कोरडे, दोन्हींत जंतू सहज वाढत नाही. पण काडी खुपसली की भोकातून रस वर येतो आणि साल व कॅरमेल यांच्यामध्ये ओल धरते. तिथे तो वाढतो, आणि फळे फ्रिजाबाहेर राहिली तर फारच जोरात. नंतर संशोधकांनी काडीची आणि बिनकाडीची फळे शेजारी ठेवून हे तपासले. तेव्हा सकाळी करा, स्टॉलवर थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवा आणि संध्याकाळी उरलेली घरच्यांनीच संपवा. गर्भार बाईला मात्र काडीवरचे सफरचंद देऊ नका. तिला हा जंतू जास्त बाधतो. पुढे नेहमी विकायचे ठरले तर अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या.

एक विचारू? मोर्शीत राहून काश्मीरचे सफरचंद विकता, संत्र्याने काय घोडे मारले? आंबिया बहाराचा संत्रा तेव्हा नुकता येऊ लागतो. फोडी सोलून ताटात तासभर पंख्याखाली सुकवा, वरची कातडी कोरडी लागली पाहिजे. मग अर्धी फोड कॅरमेलमध्ये बुडवून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आंबटगोड आणि जरासे खारट. सफरचंदापेक्षा लवकर संपेल, लिहून घ्या.

साखरेऐवजी गुळाचे कॅरमेल होते का? मी केले तर साय फाटली.
— दारव्हा तालुका

गूळ थोडा आंबट असतो, म्हणून गरम सायीला फाडतो. गूळ वितळला की नखभर खाण्याचा सोडा टाका, फेस येऊन खाली बसू द्या, मगच कोमट साय घाला. तेवढेही नको असेल तर सायीच्या जागी नारळाचे घट्ट दूध घ्या. रंग गडद येतो, म्हणून पाक झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका, गोळीवरून ठरवा. गूळ आधी गाळून घ्या, नाहीतर दाताखाली खडा येतो.

कॅरमेलसोबत खायला सफरचंदाच्या फोडी चिरल्या की काळ्या पडतात. उपाय?
— सातवीतली एक मुलगी, चिखली तालुका

पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, त्यात फोडी पाच मिनिटे ठेव, मग पुसून घे. लिंबूही चालते, पण आंबट लागते. चिरायचे काम मोठ्या कोणाजवळ बसून कर.

लाल चकचकीत, कडक सफरचंद आणि हे कॅरमेलवाले एकच का?
— वरोरा तालुका

नाही. लाल म्हणजे नुसत्या साखरेचा कडक पाक, काचेसारखा फुटतो. तो पाक १५० अंशांच्या आसपास नेतात. त्याचे श्रेय अमेरिकेत नेवार्कच्या विल्यम कोल्ब या मिठाईवाल्याला देतात, साल १९०८. कॅरमेलवाले नंतरचे. १९५० च्या दशकात क्राफ्ट कंपनीतल्या डॅन वॉकरने हॅलोविननंतर उरलेल्या कॅरमेलच्या गोळ्या वितळवून त्यात सफरचंद बुडवले असे सांगतात. त्याचीच नक्कल हवी असेल तर किराण्यातल्या दुधाच्या मऊ टॉफ्या पंचवीस-तीस घ्या, दोन चमचे दूध घालून मंद आचेवर वितळवा. घाईच्या दिवशी मीही तेच करते.

कॅरमेल झाल्यावर कढई घासून हात दुखले. तारेच्या घासणीनेही निघत नाही.
— एक सासू, वणी तालुका

घासू नका. कढईत पाणी भरा, त्यातच सराटाही ठेवा आणि उकळी आणा. साखर आपोआप सुटते. कॅरमेल जळालेले नसेल तर ते पाणी फेकू नका, त्यातच चहापत्ती आणि आल्याचा तुकडा टाका. दूध वरून घाला, साखर नाही.