स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे, तरी गोळी लागू पडत नाही असं होऊ शकतं का?

हो, होतं. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ एन्झाइम तिला कामाचं रूप देतं. काहींमध्ये ते जन्मतःच मंद असतं, मग प्लेटलेट (गुठळी करणाऱ्या रक्तातल्या पेशी) एकमेकांना चिकटतच राहतात. पण आधी साधं तपासा: डोस चुकतात का? बरेचदा खरं कारण हेच. अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेता का? दोन्ही याच एन्झाइमला अडवतात. त्याऐवजी पँटोप्राझोल चालेल का, डॉक्टरांना विचारा. तरीही शंका उरली तर प्लेटलेट फंक्शन किंवा जनुकीय चाचणी असते. त्यावरून डॉक्टर याच कामाची दुसरी गोळी, टिकाग्रेलॉर (९० मिग्रॅ, दिवसातून २ वेळा) किंवा प्रासुग्रेल देऊ शकतात. पूर्वी पक्षाघात झालेल्यांना प्रासुग्रेल देत नाहीत. तोवर चालू गोळी कृपया स्वतःहून थांबवू नका, स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते.