विचारा, सांगते : सिनियरचा कोड आणि ९९.९ अंशांचा समुद्र

प्रश्न : मॅडम, मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय कोकण किनारपट्टीवरचं कमाल तापमान. हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाकडचा ग्रिडचा डेटा घेतला आहे. कोड सिनियरने दिलेला, पायथॉनमधला. एकच लांबलचक फाइल आहे, पण चालते. गाइड म्हणतात, “निकाल दाखव, कोड कोण बघतंय?” मग परीक्षेसाठी पाठ केलेलं मॉड्यूल (कोडचे स्वतंत्र तुकडे), टेस्टिंग, रिव्ह्यू हे सगळं नोकरी लागल्यावरच कामाला येणार का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : कोड बघणारं माणूस निघतं गं, आणि पुष्कळदा ते तुझ्यासारखंच विद्यार्थी असतं. हवाई विद्यापीठातली २०१९ सालची गोष्ट आहे. तिथल्या एका प्रयोगशाळेत एनएमआरचे (रेणूंची रचना ओळखायच्या तपासणीचे) आकडे काढायला २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉन स्क्रिप्ट वापरत होते. इतरही पुष्कळ प्रयोगशाळा त्याच वापरायच्या. एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की डेटा तोच, स्क्रिप्ट तीच, पण कॉम्प्युटर बदलला की उत्तर बदलतंय. कारण अगदी साधं निघालं. स्क्रिप्ट ‘ग्लॉब’ वापरून फोल्डरमधल्या फायलींची यादी मागवायची आणि ती ठरावीक क्रमानेच येणार असं धरून चालायची. ग्लॉब तशी हमी देतच नाही, क्रम ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर असतो. उपाय म्हणजे यादी आधी ‘सॉर्ट’ करून घेणे, बस्स. स्क्रिप्ट लिहिणारे आपल्या विषयात पक्के होते आणि त्यांच्या मशिनवर ती बरोबरच चालत होती. कंपनीत असा घोळ झाला तर ग्राहक दुसऱ्या दिवशी फोन करून ओरडतो. संशोधनात कुणी ओरडत नाही, चुकीचा आकडा शांतपणे पेपरात जाऊन बसतो. म्हणून मी तर म्हणेन, या सवयींची गरज तुला नोकरदारापेक्षा जास्त आहे.

आता तुझ्या डेटाकडे येऊ. तापमानाचा तो ग्रिड अक्षांश-रेखांशाच्या एक-एक अंशाच्या चौकोनांचा आहे, आणि जिथे नोंद नाही तिथे ९९.९ भरलेलं असतं. किनारपट्टी घेतलीस की समुद्रातले चौकोन आलेच. खात्याच्या पावसाच्या डेटात याच कामाला उणे ९९९ वापरतात. ते सरासरीत शिरलं तर पाऊस उणे दिसतो आणि माणूस दचकतो. ९९.९ मात्र भलतं साळसूद आहे. नऊ चौकोन ३३ अंशांचे आणि दहावा समुद्रातला, तर सरासरी येते ३९.६९. कोकणात एवढं तापलं म्हणून उष्णतेच्या लाटेवर अख्खं प्रकरण लिहून होईल!

तुझ्या सिनियरने ही पळवाट बंद केली आहे की नाही, हे दोन हजार ओळी वाचत बसण्यापेक्षा विचारून बघ. सरासरी काढणाऱ्या फंक्शनला तीनच आकडे दे : ३०, ३२ आणि ९९.९. उत्तर ३१ यायला हवं. ५३.९७ आलं, तर काय ते कळलंच. ही झाली तुझी पहिली टेस्ट. ती फाइलमध्ये लिहून ठेव, म्हणजे कोडला हात लावलास की दर वेळी चालवता येईल.

पण त्याच्याही आधी एक कर. कोड आहे तसा, घाणेरडा असला तरी, गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाक. ‘फायनल_फायनल२_सरांनी_सांगितलेलं’ अशा नावांच्या फायली मी एम.टेक.च्या पोरांकडे दरवर्षी बघते आणि दरवर्षी कपाळाला हात लावते. गिट २००५ पासून आहे, फुकट आहे. नंतर जुन्या कोडने काढलेला एक निकाल बाजूला ठेव आणि प्रत्येक बदलानंतर त्याच्याशी ताडून बघ. सगळं पुसून नव्याने लिहायची हौस करू नकोस, प्रबंधाची मुदत त्यात जाते.

मॉड्यूल पाडायचे कसे, यावर संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली जे मांडलं त्याच्यापुढे मला तरी अजून जावं लागलेलं नाही. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, म्हणजे आधी वाचा, मग मोजा, मग छापा असे तुकडे पाडू नका. जो निर्णय उद्या बदलू शकतो तो एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या कोडात बदलू शकणारा निर्णय म्हणजे फाइलची मांडणी आणि ते ९९.९. तो आकडा साऱ्या कोडमध्ये एकाच जागी असू दे. फाइल वाचतानाच त्याला ‘नोंद नाही’ करून टाक, म्हणजे पुढच्या फंक्शनना त्याचं नावही कळायची गरज नाही. आत्ताच शोधून बघ, किती ठिकाणी सापडतो ते.

गाइडशी वाद घालू नकोस. टेस्टचा निकाल त्यांच्यासमोर ठेव.

प्रश्न : एमसीएच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये वॉटरफॉल लिहू की अजाइल? सगळे अजाइल लिहितात.
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : वॉटरफॉल म्हणजे एक पायरी पुरी करून मगच पुढची, अजाइल म्हणजे थोडं थोडं करून दाखवत सुधारत जाणं. यातलं जे केलंस ते लिही. सिनॉप्सिस दिल्यावर थेट सबमिशनच्या आठवड्यात लॅपटॉप उघडला असेल, तर त्याला अजाइल म्हणत नाहीत. आणि वॉटरफॉलची ती पायऱ्यांची आकृती १९७० च्या ज्या लेखातून पसरली, त्यात विन्स्टन रॉइस यांनी स्वतःच ‘असं केलंत तर धोका आहे’ असं बजावलेलं आहे. परीक्षकांनाही ते सांग. निम्म्यांना ठाऊक नसतं.

प्रश्न : आम्ही चौघं आहोत. प्रत्येकाने आपापला भाग घरी केला, आता जोडायला गेलो तर काहीच जुळत नाही. सबमिशनला महिना उरलाय. दुसऱ्या ग्रुपमधल्या दोघांना मदतीला घ्यावं का?
— चौघांपैकी एक, नाशिक

उत्तर : कोड लिहायला त्या दोघांना घेऊ नका. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली सांगून ठेवलंय की, रखडलेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. चौघांत बोलाचालीच्या जोड्या सहा होतात, सहा जणांत पंधरा. शिवाय नव्यांना शिकवायला तुमच्यातलंच कुणीतरी अडकणार.

उद्या चौघं एका खोलीत बसा. लॉगिनपासून एका पावतीपर्यंत, एवढी एकच वाट आरपार चालेल असं करा, बाकीचं बंद ठेवा. त्यानंतर रोज संध्याकाळी सगळ्यांचा कोड एका ब्रँचवर, म्हणजे एकाच सामाईक प्रतीत जोडायचा, जुळला नाही तर जुळेपर्यंत उठायचं नाही. जे फीचर महिन्यात बसत नाही ते यादीतून काढा आणि गाइडना तसं आजच सांगा, शेवटच्या दिवशी नाही.

त्या दोघांना बोलवायचंच असेल तर शेवटच्या आठवड्यात बोलवा. त्यांच्या लॅपटॉपवर, प्रोजेक्ट कसा चालवायचा हे सांगणारी तुमची रीडमी फाइल वाचून, तुम्हाला एक शब्द न विचारता त्यांना प्रोजेक्ट चालू करू द्या. तुम्ही मागे गप्प उभे राहा आणि ते जिथे अडतील ते लिहून घ्या.