मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया वाढत आहेत, त्यामागे पर्यावरण आहे का?

शस्त्रक्रिया वाढल्या म्हणजे आजारही तितकाच वाढला, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. आयुर्मान वाढले आहे. शिवाय १९६७ मध्ये अमेरिकी नेत्रशल्यविशारद चार्ल्स केलमन यांनी आणलेल्या फेको तंत्रामुळे, म्हणजे ध्वनिलहरींनी धूसर भिंग फोडून शोषून काढण्याच्या पद्धतीमुळे, छेद लहान झाला आणि मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची गरज उरली नाही. पर्यावरणाचा वाटा मात्र खरा आहे: अमेरिकेतील चेसापीक उपसागरात काम करणाऱ्या मच्छीमारांच्या १९८८ मधील अभ्यासात, सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण अधिक झेललेल्यांमध्ये भिंगाच्या बाह्य थरातील, म्हणजे कॉर्टिकल, मोतीबिंदूचे प्रमाण जास्त आढळले, भिंगाच्या केंद्रातील मोतीबिंदूशी तसा संबंध दिसला नाही. केंद्रातील मोतीबिंदूचे नाते धूम्रपानाशी अधिक ठळक आहे. लाकूडफाट्याच्या धुराकडेही संशयाने पाहिले जाते.