“सगळं बघितलं” असं कळवू नकोस

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हरवलेल्या माणसाच्या पहिल्याच शोधमोहिमेत तुला बेसवर, म्हणजे मोहिमेच्या तळावर, नोंदवही देऊन बसवलं आणि बाकीची मुलं दोर खांद्यावर टाकून निघून गेली, याचं तुला वाईट वाटलं. वाटणारच. इतके महिने गाठी शिकलीस, चढलीस-उतरलीस, आणि ऐन वेळी हातात पेन आलं. पण माझ्या मते त्या दिवशी तुझ्या लीडरने तुला मोहिमेच्या अगदी मध्यावर बसवलं होतं. का, ते जरा सविस्तर लिहितो. आधी कोणता कोर्स करू, या तुझ्या प्रश्नाचं उत्तरही ओघात येईल.

माणूस हरवल्याची बातमी आली की गावच्या गाव मदतीला धावतं. पसरा, हाका मारा, चला. त्या घाईत सगळ्यात मोलाची जागा तुडवली जाते: माणूस शेवटचा जिथे दिसला ती. तिथली पावलं, मोडलेलं गवत, पडलेली बाटली, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात नाहीसं होऊ शकतं. श्वानपथक बोलवायचं असेल तर त्या जागी चाळीस माणसांचा वास मिसळलेला असता कामा नये. म्हणून आधी ती जागा राखायची, हरवलेल्याचा वापरलेला कपडा इतर कोणाचा हात न लागता स्वच्छ पिशवीत ठेवायचा, आणि मग वाटा अडवायच्या. फाटा, पूल, डांबरी रस्ता, जिथून तो बाहेर पडू शकेल तिथे माणूस बसवायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण हिशोब करून बघ. तासाला तीन किलोमीटर चालणारा माणूस तासाभरात सुमारे २८ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. दोन तासांत तेच क्षेत्र ११३ होतं. वेळ दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होतं. फाट्यावर बसलेला एक जण हे वाढणं रोखतो.

आता नोंदवहीकडे येतो. शोधाचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं गेलं ते दुसऱ्या महायुद्धात, समुद्रात पाणबुड्या शोधताना. अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या: वस्तू एखाद्या भागात असण्याची शक्यता किती, आणि तिथे असलीच तर आपल्याला दिसण्याची शक्यता किती. पुढे हाच विचार जमिनीवरच्या शोधात आला आणि आज जगभरची पथकं त्यावर चालतात. यातली दुसरी शक्यता आपली माणसं नेहमी विसरतात. दाट झुडपांच्या पट्ट्यातून एक टीम जाऊन आली आणि तिथे माणूस असता तर दिसण्याची शक्यता निम्मी होती असं धर. म्हणजे तो पट्टा “झाला” नाही, अर्धा झाला. दुसरी टीम तितक्याच काळजीने, पण वेगळ्या दिशेने गेली तर ७५ टक्के. तिसरी गेली तर साडेसत्त्याऐंशी. शंभर कधीच होत नाही. आणि एका पट्ट्यात काही न सापडणं हीसुद्धा माहिती असते. तिथली शक्यता कमी झाली म्हणजे उरलेल्या पट्ट्यांची वाढली. पुढची टीम कुठे पाठवायची हे त्यावरून ठरतं.

हे सगळं अवलंबून असतं परत आलेली टीम काय सांगते त्यावर. थकून आलेला माणूस पाण्याची बाटली तोंडाला लावत म्हणतो, “सगळं बघितलं, काही नाही.” या वाक्यावर नकाशा रंगवला की तो भाग पुन्हा कोणी बघत नाही. म्हणून नोंदवहीवर बसलेल्याने त्याला जाऊ द्यायचं नाही. कुठून कुठपर्यंत गेलात? दोघांमध्ये अंतर किती ठेवलं होतं? उजेड किती होता? हाक मारून थांबून ऐकलंत का? काय राहिलं? शेवटचा प्रश्न दोनदा विचार. “ओढ्यापलीकडचा उतार निसरडा होता, तिथे उतरलो नाही,” एवढं एक वाक्य निघालं तरी त्यावर पुढची टीम पाठवता येते. हे विचारताना आवाजात आरोप नको. न बघितलेली जागा सांगणाऱ्याचा अपमान झाला तर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही. उद्या तू स्वतः पट्ट्यावर गेलीस की राहिलेलं आधी सांग, बघितलेलं नंतर.

कोणाला शोधतोय हेही तितकंच महत्त्वाचं. रॉबर्ट कोएस्टर या अभ्यासकाने हरवलेल्या माणसांच्या हजारो घटना गोळा करून दाखवलं की माणसं वाट्टेल तशी हरवत नाहीत. वय, आजार, जाण्याचा हेतू यांनुसार त्यांच्या वागण्याला काही एक धाटणी असते. दोन-तीन वर्षांचं मूल हाकेला ओ देईलच असं नाही. ते थकलं की झुडपाखाली, बाकाखाली शिरून झोपतं. जरा मोठी मुलं तर शोधणाऱ्यांपासूनच लपतात, कारण अनोळखी माणसाशी बोलायचं नाही असं घरी शिकवलेलं असतं, शिवाय आता ओरडा बसणार ही भीती. अशा वेळी हाका मारत भराभर जाणारी टीम मुलाच्या चार पावलांवरून निघून जाते. तिथे गुडघ्यावर बसून झाडाखाली बघावं लागतं, आईने सांगितलेल्या लाडक्या नावाने हाक मारावी लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं वेगळंच. ते एकदा निघाले की वाट संपली तरी चालत राहतात आणि काटेरी झुडपात, कुंपणात, चिखलात अडकून तिथेच थांबतात. तेही हाकेला उत्तर देत नाहीत. बऱ्याचदा निघालेल्या जागेपासून फार दूर नसतात. जुनं घर, जुनी कामाची जागा कुठे होती हे घरच्यांना आवर्जून विचार. पाय तिकडे वळलेले असू शकतात. घरच्यांशी शांतपणे केलेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने कित्येक टीमचे कष्ट वाचतात, म्हणून ते काम मी कधीही नवख्याला एकट्याने देत नाही आणि घाईतल्या माणसाला तर मुळीच नाही.

तू लिहिलंस की शेजारच्या भागातल्या टीमला उशिरा बोलावलं आणि त्यावरून कुरबुर झाली. अशी कुरबुर मी फार बघितली आहे, आणि तिची किंमत हरवलेला माणूस मोजतो. कोणाचा भाग, श्रेय कोणाचं, फोटोत कोणाचा बॅनर, यात पडू नकोस. पण दुसरं टोकही तितकंच वाईट: कोणी न बोलावता, कोणाला न कळवता थेट डोंगरात शिरणं. १९८५च्या मेक्सिको शहरातल्या भूकंपात सामान्य नागरिकांनी हातांनी ढिगारे उपसून शेकडो जीव वाचवले आणि तसं करतानाच शंभराच्या आसपास माणसं स्वतः गेली, असं त्या घटनेबद्दल नेहमी सांगितलं जातं. त्यांच्या धैर्यात काही कमी नव्हतं. त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि कोण कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. नागरिकांना आधीच प्रशिक्षण द्यायला हवं हा विचार त्या भूकंपानंतर पुष्कळ ठिकाणी रुजला. त्यामुळे बेसवर आलेल्या प्रत्येकाचं नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि कुठे गेला हे लिहिलंच पाहिजे. संध्याकाळी यादीतलं एक नाव परतलेलं नसेल तर तुमच्यापुढे दुसरी शोधमोहीम उभी असते.

अनेक टीम एकत्र आल्या की ताबा एकाकडेच हवा. कॅलिफोर्नियात १९७०मध्ये मोठे वणवे लागले, तेव्हा वेगवेगळ्या यंत्रणांचे हुकूम एकमेकांना छेदत होते. त्या अनुभवातून जी पद्धत घडली ती आज आपत्तीच्या कामात सगळीकडे दिसते. तिचे दोन नियम पाठच कर. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, फार तर सात. आणि वायरलेसवर सांकेतिक शब्द वापरायचे नाहीत, साधं बोलायचं, कारण तुमच्या टीमचा संकेत दुसऱ्या टीमला कळत नाही. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोल, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ऐकलेला निरोप परत म्हणून दाखव, विशेषतः आकडे.

आकड्यांवरून आठवलं, जीपीएसचे आकडे कोणत्या पद्धतीत लिहायचे हे सगळ्या टीमनी आधीच ठरवलेलं असलं पाहिजे. एक जण अंश आणि मिनिटांत “पंचेचाळीस, तीस” सांगतो. ऐकणारा ते दशांशात ४५.३० असं लिहितो. पंचेचाळीस अंश तीस मिनिटं म्हणजे दशांशात ४५.५. अक्षांशात हा फरक ०.२ अंशाचा, आणि जमिनीवर तो सुमारे बावीस किलोमीटर होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि टीम भलत्याच खोऱ्यात. हे टाळायला लागतो फक्त एक ठराव आणि एक सराव.

कोर्सचं म्हणशील तर आधी प्रथमोपचार कर, आणि तोही शहरातला नको, रुग्णवाहिका तासन्‌तास येणार नाही असं धरून शिकवणारा. दोरकाम त्यानंतर. तुझ्या गाठी चांगल्या आहेत हे मला माहीत आहे. दोर धारेवर घासू नये म्हणून कडेला काय ठेवायचं आणि अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, एकाऐवजी दोन का घ्यायचे, हे सराव करत राहिलीस की हाताला लागेल. पण बहुतेक मोहिमांत दोर लागतच नाही. लागतं ते स्ट्रेचर उचलणं. एका वेळी सहा ते आठ माणसं आणि त्यांच्यामागे तितकीच बदलीला, हे तासन्‌तास. पाय मजबूत ठेव.

प्रथमोपचारातली एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती चुकली तर सापडलेला माणूस हातातून जातो. थंडीने गारठलेला माणूस थरथरत असेल तोवर त्याचं शरीर झुंजतंय. थरथर थांबली, बोलणं अडखळायला लागलं की तो फार वाईट अवस्थेत आहे. त्याला उभं करायचं नाही, चालवायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत. आडवंच ठेवायचं, ओले कपडे कापून काढायचे, आधी अंगाखाली जाड काहीतरी घालायचं, मग वरून गुंडाळायचं. हलवताना धक्का बसू द्यायचा नाही. थंड पडलेलं हृदय एका हिसक्यानेही लय सोडतं. नाडी लागत नाही म्हणून घाईने काही ठरवू नकोस, पूर्ण मिनिटभर तपास. १९९९मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही डॉक्टर गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली ऐंशी मिनिटं अडकली होती. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. ती जगली आणि पुन्हा डॉक्टर म्हणून कामाला लागली. म्हणून गारठलेला माणूस गेला हे डोंगरावर आपण ठरवायचं नाही.

घरच्यांशी बोलायला एकच माणूस नेमा, आणि जे काही कळलं ते त्यांना त्या माणसाकडूनच कळू दे. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोतून मुलाचा बूट ओळखायची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये. फोटो काढू नकोस, कोणी काढत असेल तर तिथल्या तिथे थांबव. मोहिमेचा शेवट वाईट झाला तर तुझ्या सोबत्यांकडेही बघ. जबरदस्तीने सगळं बोलायला लावू नकोस, त्याने बरं वाटतंच असं नाही. शेजारी बस, काही हवं का विचार, घरापर्यंत सोबत जा. आठवड्याने पुन्हा फोन कर, आणि झोप लागत नाही, त्याच त्या गोष्टी दिसतात असं कोणी सांगितलं तर त्याला तज्ज्ञाकडे घेऊन जा. तुझ्या बाबतीतही हेच.

कधी कधी शोध थांबवावा लागतो. तो निर्णय तुझ्याकडे यायला अजून वेळ आहे, पण तो कसा होतो ते बघून ठेव. हवामान, उलटलेला वेळ, टीमचा थकवा आणि उरलेली शक्यता हे सगळं समोर मांडून तो घेतात, आणि कुटुंबाला समोर बसून, कारणांसकट सांगतात. नकाशा मात्र फाडत नाहीत. नवा धागा मिळाला की तिथूनच पुन्हा सुरुवात होते.

पुढच्या महिन्यात शेजारच्या टीमबरोबर संयुक्त सराव ठरतोय म्हणालीस. तो रात्री ठेवा असा आग्रह धर. दोन्ही टीमची माणसं मिसळून गट करा, ओळखीची जोडी एकत्र ठेवू नका. झुडपात एकाला लपवा आणि हाकेला ओ द्यायची नाही असं त्याला बजावून ठेवा. मधेच मुख्य वायरलेस बंद पाडा. कुठे गाडं अडलं ते झाल्यावर दोन्ही टीमनी एकत्र बसून लिहून काढा, आणि त्याची एक प्रत मला पाठव.

तुझा,
दादा