मशीन इथं, डॉक्टर कॉन्फरन्सला

प्रश्न : आम्ही ऊसतोडीची माणसं. सुनेला पाचवा महिना लागलाय. मुकादमाची बोलणी खाऊन तिला कारखान्यावरून सोनोग्राफीला आणली, तर सेंटरच्या दारावर चिठ्ठी : ‘कॉन्फरन्सनिमित्त सोमवारपर्यंत बंद’. आत मशीन होतं, नंबर लावणारी मुलगी होती, मदतीला राहणारा पोरगाही होता. पण कुणी तपासलं नाही. खाडा पडला तो वेगळाच. डॉक्टर लोक तिथं जेवणावळी झोडतात अन् कंपन्यांच्या पिशव्या घेऊन येतात, असं ऐकतो. खरं काय?
— एक वाचक, केज तालुका

उत्तर : दादा, आधी सुनबाईंचं. पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून फोनवर लगेच कळवलं होतं. मासिक छापून यायची वाट पाहिली असती तर दिवस निघून गेले असते. बाळात व्यंग आहे का हे पाहण्याची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात. हृदयाचे कप्पे, मेंदू, पाठीचा कणा, मूत्रपिंडं तेव्हा नीट दिसतात, आणि काही गंभीर निघालंच तर पुढचं ठरवायला वेळ हाती राहतो. त्यामुळे सोमवारपर्यंत न थांबता अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा, असं सांगितलं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत असते.

आता त्या पोरानं मशीन का लावलं नाही? लावलं असतं तर तो आणि डॉक्टर दोघंही गोत्यात आले असते. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यानं सेंटरची जागा, मशीन आणि तपासणारा डॉक्टर यांची नोंद सरकारदरबारी असावी लागते. एस.टी.चा ड्रायव्हर रजेवर गेला की डेपोतला दुसरा गाडी काढतो, तसं इथं चालत नाही. माणूस बदलायचा तर तीस दिवस आधी कळवावं लागतं. शिवाय एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सेंटरांवर नाव लावता येतं. म्हणून बदली डॉक्टर ऐनवेळी मिळत नाही. मी स्वतः सोनोग्राफी करणारी डॉक्टर, या कागदपत्रांना मीही वैतागते, नाही असं नाही. पण २०११च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. तो आकडा आठवला की गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी लागणारा ‘एफ’ फॉर्म मुकाट्यानं भरायला घेते.

जेवणाचं म्हणाल तर असतं, चांगलं असतं. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेऊ नये, असा नियम २००९ सालीच झाला. तरी पिशव्या घेऊन फिरणारे दिसतात, खोटं कशाला बोलू? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते कॉन्फरन्सच्या हजेरीवर मिळतात; तेवढ्यापुरती सही ठोकून बायको-मुलांना घेऊन शहर बघायला जाणारेही आहेत. त्यांच्यासाठी तुमच्या सुनेनं खाडा सोसावा, असं मी म्हणणार नाही.

पण अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्याकडं डोळे लावून बसणारे असतात ना, त्यांचं सांगते. पहिलं बाळंतपण सिझरनं झालेली बाई पुन्हा गरोदर राहते. वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आणि पुढच्या बाजूला, नेमकी जुन्या टाक्यांवर बसलेली. पूर्वी आम्ही रिपोर्टवर ‘वार खाली आहे’ एवढंच लिहून मोकळे व्हायचो. कॉन्फरन्समध्ये एकापाठोपाठ एक अशा केसेसच्या छोट्या व्हिडिओ क्लिप दाखवतात : वारेत वेड्यावाकड्या आकाराची रक्ताची तळी, वार आणि गर्भाशय यांच्यामधली बारीक काळी रेघ गायब, मूत्राशयाची कड तुटलेली, रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंगीत डॉपलर लावला की तिथं रक्तवाहिन्यांचं जाळं. म्हणजे वार टाक्यांत रुतलीय. पुस्तकातला फोटो हलत नाही, त्यामुळे ही नजर पुस्तकातून येत नाही. मागं बसलेला कुणीतरी उठून ‘ही क्लिप पुन्हा लावा’ म्हणतो, दोन बुजुर्गांची जुंपते, आणि त्या भांडणातच खरं शिक्षण होतं. तेव्हापासून सिझर झालेली बाई आली की लघवी थोडी भरलेली ठेवून मी ती जागा मुद्दाम शोधते. अशी बाई रात्री तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात बाळंत झाली तर रक्तस्राव आवरत नाही. आधी कळलं तर अंबाजोगाई, लातूर किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रक्ताची तयारी ठेवून, दिवस ठरवून ऑपरेशन होतं.

तरीही चूक डॉक्टरांचीच आहे. कॉन्फरन्सची तारीख कितीतरी महिने आधी जाहीर होते. रेडिऑलॉजिस्टांचं राष्ट्रीय अधिवेशन बहुधा जानेवारीत, म्हणजे ऐन गाळपात असतं आणि आपल्या भागातल्या बाया कुठल्या फडावर असतात, हे इथल्या डॉक्टरला माहीत नसेल तर कुणाला? आधीच्या भेटीत कार्डावर लिहून द्यायचं, शेजारच्या सेंटरशी बोलून ठेवायचं. त्या दिवशी चिठ्ठी चिकटवून जाणं मला पटत नाही. डॉक्टर परतल्यावर तसं त्यांना तोंडावर सांगा, माझा हा कागद दाखवला तरी चालेल.

प्रश्न : स्त्रीरोगात पदव्युत्तर शिक्षण घेऊन जिंतूरला दवाखाना टाकतेय. मोठ्या कॉन्फरन्सची फी परवडत नाही. कुठं जाऊ?
— एक डॉक्टर, परभणी जिल्हा

उत्तर : पहिली दोन वर्षं राज्य पातळीवरच्या किंवा जवळच्या शहरातल्या अधिवेशनाला जा, आणि पैसे मोजायचेच तर आदल्या दिवशीच्या वर्कशॉपला मोजा. तिथं वीस-पंचवीस जणांत सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवायचा भाग) धरलेला हात जवळून दिसतो; मोठ्या हॉलमध्ये फक्त स्लाइड दिसते. नोंदणी लवकर केली की फी कमी पडते. स्वतःच्या अडलेल्या केसेस पेनड्राइव्हवर घे, पेशंटची नावं पुसून. चहाच्या वेळी त्या कुणा जाणत्याला दाखव. संकोच करू नकोस, आम्हाला आवडतं. सोनोग्राफी मशीनच्या स्टॉलवरचा माणूस सवलतीचा भाव आजच्या पुरताच आहे म्हणेल, दरवर्षी म्हणतो. सेंटरची नोंदणी हातात येईपर्यंत त्याला ऑर्डर देऊ नकोस; नोंदणी नसलेल्या जागी मशीन विकायला कंपनीलाही बंदी आहे.